ब्लेचली पार्कचा तबेला

ब्लेचली पार्क म्हणजे दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचं ब्रिटिशांचं गुप्त केंद्र. तिथे माणसं जातात ती तळ्याकाठचा वाडा आणि गणितज्ञ ॲलन ट्युरिंगची खोली बघायला. मीही दोन्ही पाहिलं. पण त्या दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ माझा वाड्यामागच्या तबेल्याच्या अंगणात गेला आणि लिहावंसं वाटतंय तेही तेवढ्याबद्दलच. लंडनमधले बाकीचे दिवस गर्दी आणि पावसात संपले.

युस्टनहून गाडी पकडली की तासाच्या आत ब्लेचली. स्टेशनपासून फाटक चालत पाच मिनिटांवर. हर्बर्ट लिऑन या शेअरबाजारातल्या धनिकानं 1883 मध्ये ही इस्टेट घेतली आणि घर वाढवत नेलं. इकडे गॉथिक कमान, तिकडे ट्युडर धाटणीचं लाकूडकाम, कोपऱ्यात तांब्याचा हिरवा घुमट. मला तो वाडा अजिबात आवडला नाही. पाहुण्यांना दिपवण्यापलीकडे त्याला काही सांगायचंच नाही.

तबेला मात्र कामासाठी बांधलेला, आणि ते जाणवतं. लाल विटा, उतरती कौलं, मोठ्या लाकडी दारांचा गाडीखाना, नोकरमाणसांची घरं, सफरचंदं आणि नासपती ठेवायची कोठी. व्हिक्टोरियन इस्टेटींत तबेला घरालगत लागे, कारण हाक मारताच बग्गी दाराशी यायला हवी. पण लिदीचा वास आणि मोतद्दारांची वर्दळ पाहुण्यांना नको, म्हणून तो आडोशाला. घोड्यांच्या डोक्यावर गवताचा माळा, म्हणजे चारा वरून थेट खाली टाकता येई. प्रत्येक भिंतीला, प्रत्येक दाराला कारण आहे.

1938 मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख ॲडमिरल सिंक्लेअर यांनी वाडा आणि 58 एकर जमीन 6,000 पौंडांना घेतली. लोकांच्या नजरेआड राहावं म्हणून बांधलेलं ते अंगण गुप्त कामाला आयतंच मिळालं. संकेत उलगडणाऱ्या डिली नॉक्स यांची तुकडी इथल्या कॉटेजमध्ये बसे. ट्युरिंगही सुरुवातीला इथेच होता. तो माळ्यावर काम करायचा आणि खालच्या मुली दोरी-टोपलीनं त्याला कॉफी-सँडविच वर पोचवायच्या, असं सांगतात. मार्च 1941 मध्ये याच अंगणात 19 वर्षांच्या मेव्हिस लीव्हरनं इटालियन नौदलाचा संदेश उलगडला आणि ग्रीसजवळच्या मॅटापानच्या आरमारी लढाईत ब्रिटिश आरमार आधीच सावध होतं. बाहेरून कॉटेज आजही माळीबुवांचं घर वाटावं इतकं साधं आहे. गाडीखान्यात आता युद्धकाळातली वाहनं उभी असतात.

अंगणातच उघड्या पुस्तकाच्या आकाराचं एक दगडी स्मारक आहे, 2002 सालचं. ते आहे रेयेव्स्की, रुझित्स्की, झिगाल्स्की या तीन पोलिश गणितज्ञांचं. रेयेव्स्कीनं 1932 च्या अखेरीस एनिग्माचं, म्हणजे जर्मनांच्या संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्राचं, कोडं फोडलं होतं. पोलंडवर हल्ला व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलै 1939 मध्ये, वॉर्साजवळच्या बैठकीत पोलिश लोकांनी ते सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. नॉक्स त्या बैठकीला हजर होते. म्हणजे ते ज्याच्या आधारावर काम करत होते, ते देणाऱ्यांची नावं त्यांच्याच दारासमोर कोरलेली आहेत. कुणीतरी लाल-पांढरी फीत बांधून फुलं ठेवली होती, पावसानं फितीचा लाल रंग दगडावर उतरला होता. मला भरून आलं. आणि तेवढ्या वेळात घोळक्यामागून घोळका कानाला यंत्र लावून, मान न वळवता तिथून पुढे गेला. त्याचा मला फार राग आला, अजून येतो. इतकी लांबून आलेली माणसं दोन मिनिटं थांबत नाहीत?

इथलं तिकीट वर्षभर चालतं. मिल्टन कीन्सला राहणाऱ्या भाचीला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला फाटक उघडताच सरळ तबेल्यात शिरायचं. वाडा राहिला तरी चालेल.