मीठ बघ गं जरा

"मीठ बघ गं जरा, माझ्या हातचं तुलाच कळतं."

आज चर्चच्या प्रीतिभोजनाला (सगळ्यांच्या एकत्र जेवणाला) मटणाच्या पातेल्यापाशी एक मावशी दुसरीला असं म्हणाल्या आणि आम्ही कांदा कापणारे सगळे थांबलोच, कारण क्वायरच्या कुठल्याशा भांडणापासून दोघींचा अबोला, चर्चमध्ये बाकसुद्धा लांबलांबचे धरायच्या.

दुसरीने रस्सा तळहातावर घेऊन चाखला. "घाल अजून थोडं." बस, ना माफी ना रडारड.

सकाळी पाळकसाहेबांचा (आमच्या पाद्रींचा) उपदेश नेमका बायबलमधल्या स्तोत्र १३३ वर, म्हणजे भावांनी एकोप्याने राहण्यावर: अहरोनाच्या दाढीवरून ओघळणारं तेल, हर्मोनाचं दहिवर... स्तोत्र तीन वचनांचं, उपदेश मात्र लांबलचक (साहेब, रागावू नका 😄). समेटासाठी कमिटीच्या मिटिंगाही झालेल्या, तिथे दोघी गप्पच.

तुमच्या चर्चच्या मंडळीत असे अबोले कसे सुटतात?