४ जीबी रॅममधली ३.२च का दिसते : जुन्या मशीनवरचा माझा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी वाचनालयाला बेळगावच्या एका ऑफिसातले जुने डेस्कटॉप मिळाले. पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये चढवायची आणि पोरांना मराठी टायपिंग शिकवायचं, एवढ्यासाठी. ६४ बिट लिनक्स मीच टाकलं. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ४ जीबी, पण ती किती आहे ते सांगणारी ‘फ्री’ कमांड ३.२ दाखवायची. ब्राउझर आणि यादी एकदम उघडली की मशीन हार्ड डिस्क खरवडत बसायचं.

बेळगावात विचारलं तर उत्तर एकच : "रॅम गेलीय, बदलून टाका की." वाचनालय वर्गणीवर चालतं, खात्री झाल्याशिवाय खर्च नको, असं ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं आणि मलाही ते पटलं. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावला. करंट टिकला, एरर एकही आली नाही. मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बायोसच्या सेटअपमध्येही ४०९६ एमबी (म्हणजे पूर्ण ४ जीबी) दिसत होते. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम.

मग ‘डीमेसेज’, म्हणजे लिनक्स सुरू होतानाची नोंद, उघडून सुरुवातीच्या ओळी वाचायला बसलो. ‘बायोस-ई८२०’ नावाने मेमरीच्या पत्त्यांची एक यादी येते. पहिला तुकडा शून्यापासून ६३९ केबीपर्यंत, पुढे ‘युजेबल’, म्हणजे वापरायला मोकळा. नंतरचा १ केबी बायोसने स्वतःच्या माहितीसाठी ठेवलेला. ६४० केबी ते १ एमबी हा पट्टा व्हिडिओ आणि रॉमसाठी. १९८१च्या आयबीएम पीसीपासून तो तसाच चालत आलाय. १ एमबीपासून मोठा ‘युजेबल’ तुकडा, त्यानंतर एसीपीआयचे (हार्डवेअर आणि वीज व्यवस्थापनाच्या माहितीचे) तक्ते, मग ‘रिझर्व्ड’, म्हणजे राखीव. आणि यादी ४ जीबीच्या आतच संपलेली. ही यादी म्हणजे जमिनीचा उतारा : कुठला तुकडा कुणाच्या नावावर ते त्यात लिहिलेलं. लिहिणारा बायोस, लिनक्स फक्त वाचतं.

हे का होतं ते समजून घेताना मला खरंच मजा आली. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिली सूचना पत्त्यांच्या ४ जीबीच्या हद्दीखाली १६ बाइटवरून उचलतो. तिथे रॅम नसते, मदरबोर्डवरची फ्लॅश चिप त्या पत्त्यावर जोडलेली असते. रॅम तर तेव्हा वापरताच येत नाही, म्हणून बायोस प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी, म्हणजे कॅशच, तात्पुरती रॅम म्हणून वापरतो. रॅमच्या पट्टीवर आठ पायांची एक बारकी चिप असते (हातात घेऊन बघा, सहज दिसते). तिच्यातून क्षमता आणि वेग वाचून रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर लावला जातो, मगच बायोस स्वतःची प्रत रॅममध्ये नेतो. नंतर ग्राफिक्स, नेटवर्क वगैरेंना पत्ते द्यायचे असतात, तेही ४ जीबीच्या खालीच. त्या पत्त्यांच्या मागे असलेली रॅम झाकली जाते. आमचे ०.८ जीबी तिथे अडकले होते. थोडी रॅम ऑनबोर्ड ग्राफिक्सही घेतं. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या मशीनवर नकाशा देण्याची पद्धत वेगळी, पण काम तेच.

उपाय सेटअपमध्येच होता. चिपसेटच्या (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपांच्या) पानावर ‘मेमरी रीमॅप’ बंद होतं. ते चालू केलं की झाकलेली रॅम ४ जीबीच्या वरच्या पत्त्यावर सरकवली जाते. आधी त्यावर ३२ बिट विंडोज होतं, त्याला वरचं दिसतच नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नसावं. एफ१० दाबून बदल सेव्ह केला, मशीन पुन्हा सुरू करून परत ‘डीमेसेज’ पाहिलं. यादीच्या शेवटी ४ जीबीच्या पुढची नवी ‘युजेबल’ ओळ आली होती, आणि ‘फ्री’ ३.८ दाखवत होतं.

एक मशीन मात्र इंटेलच्या जुन्या ९४५ चिपसेटचं निघालं. त्यात रीमॅपची सोयच नाही. त्याच्या दोन पट्ट्यांतली २ जीबीची एक काढून ३ जीबीच्या मशीनला दिली, आणि तिथली १ जीबीची इकडे बसवली. दोन्हीकडे एकाच प्रकारची, डीडीआर२ रॅम असल्याने अडचण आली नाही. ९४५वाल्यावर आता फक्त पुस्तकांच्या यादीचं काम होतं, आणि ३ जीबी त्याला पुरतात.