आवरणावर आरजी-६, आत भलतंच

जुलैतली गोष्ट. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या बंगल्यातून फोन आला. डिशचे निम्मे चॅनल लागतात, निम्मे गायब. आधी दोघं येऊन गेले होते. एकाने डिश हलवली, दुसऱ्याने एलएनबी, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, बदलला.

निम्मे चॅनल म्हटलं की मी आधी वायर बघतो. सिग्नल येतो त्याच वायरीतून सेटटॉप बॉक्स एलएनबीला वीज पाठवतो. १३ व्होल्टला उभ्या पोलरायझेशनचे (लहरींच्या कंपनाची दिशा) चॅनल येतात, १८ ला आडव्याचे. बॉक्सपाशी १८ होते. गच्चीवर एलएनबी जोडलेला ठेवूनच मोजलं, तर जेमतेम १४. पंचवीस मीटरमध्ये चार व्होल्ट गेले कुठे?

टोक सोललं. आवरणावर ठळक 'आरजी-६', म्हणजे डिशच्या वायरीचा प्रकार, मधल्या तारेभोवतीची जाळी मात्र बोटाने बाजूला सरकेल इतकी विरळ. घरमालक काका ओझरच्या एचएएलमधून, विमानांच्या कारखान्यातून, रिटायर झालेले. आत जाऊन मायक्रोमीटर घेऊन आले. "थांब, मी धरतो." मधली तार भरली ०.८१ मिलिमीटर.

"काका, आरजी-६ ची १.०२ असते. ही जाडी आरजी-५९ ची, त्याहून बारीक वायरीची."

काका गप्प. वायर त्यांनी स्वतःच आणली होती, आवरणावरचं वाचून. मी फ्रिजवरचं चुंबक लावलं, चटकन चिकटलं. लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा. सिग्नलला तो चालतो, कारण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. विजेला मात्र अख्खी तार लागते. तरी एवढ्या लांबीला तेवढ्याने फार तर एखादा व्होल्ट पडेल, चार नाही.

नवी वायर आणायला काका माझ्या गाडीवर मागे बसून गावात आले, मायक्रोमीटर खिशात. दुकानदाराला तीन रोलची टोकं सोलायला लावली. तो वैतागला, पण तिसरा रोल पास झाला: पूर्ण तांबं, फॉइलवर दाट जाळी.

जुनीला नवी बांधून ओढायला घेतली. चार मीटर आली आणि भिंतीतल्या पाइपच्या बेंडमध्ये अडकली. भिंत फोडणं आलं. काकू दारात उभ्या, "अरे, वास्तुशांतीला महिना नाही झाला!" छिन्नी मारली, पाइप कापला, आणि सापडला तो जोड. वायर कमी पडली म्हणून वायरमनने दोन तुकडे नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेली. टेप उलगडली तर आत ओल, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा गंज.

मग अखंड वायर टाकली, कॉम्प्रेशन कनेक्टर दाबले, पावसाचं पाणी वायरीवरून कनेक्टरमध्ये उतरू नये म्हणून डिशखाली एक वळसा सोडला. गच्चीवर १७.६ व्होल्ट. सगळे चॅनल आले.

भिंतीचा रंग काही जुळला नाही. टीव्हीच्या डावीकडे हातभर पट्टा अजून फिकट दिसतो.