युरियाची एक गोणी

गव्हाला शेणखत आणि रासायनिक खत दोन्ही द्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं, ताप शेणखताचा होणार. ते सोयाबीन निघाल्यावर शेवटच्या कुळवाआधी पसरून झालं, एकरी पाच टन, चांगलं कुजलेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात डीएपी, पोटॅश आणि थोडा युरिया देऊन पेरणीही उरकली. गाडं अडलं ते पुढच्या एका गोणीवर.

बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र-स्फुरद-पालाश सांगतात. निम्मं नत्र पेरताना, निम्मं पहिल्या पाण्याला, म्हणजे १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. त्या निम्म्याला एकरी ५२ किलो युरिया बसतो. शेणखत असल्यामुळं मी ४५ किलोच्या एका गोणीत भागवणार होतो. उजनी कालव्याची पाळी सुटलेली, आणि ती काय आपल्यासाठी थांबत नाही.

दुकानात थप्पी समोर दिसत होती. "मालक, नुसता युरिया न्हाई मिळत, ही बाटली घ्यावी लागंल." बाटलीवर मक्याच्या कणसाएवढी ओंबी छापलेली, आणि किंमत गोणीपेक्षा जास्त! बाटली नको म्हटलं की लगेच आधारचा अंगठा घ्यायच्या मशीनचा सर्व्हर डाऊन. मागच्या माणसानं निमूट बाटली घेतली, तर त्याचा अंगठा मशीननं पहिल्याच दमात ओळखला. माझी पाळी आली की, "अंगठा घासलाय तुमचा." शेतकऱ्याचा अंगठा घासणार नाही तर काय तुळतुळीत राहणार?

मग तिथंच उभं राहून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना फोन लावला, मुद्दाम मोठ्यानं बोललो. त्यांनी सांगितलं, युरियाबरोबर दुसरा माल गळ्यात मारता येत नाही. अंगठा उठत नसेल तर आधारच्या मोबाईलवर ओटीपी येतो. नंबर जोडलेला पाहिजे. फोन ठेवेपर्यंत सर्व्हर जिवंत झाला. २६६ रुपये ५० पैसे मोजले, पक्की पावती घेतली. खरं सांगतो, छाती फुगली होती.

तेव्हा दुसऱ्या हप्त्याचा युरिया पेरणीच्या वेळीच आणून ठेवा, पण ओल लागणार नाही अशा जागी. अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी ही जिवाणू खतं बियाण्याला चोळायचं राहिलं सांगायचं: १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम, सावलीत वाळवून पेरायचं. आणि माती परीक्षणाचा नमुना खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका, सगळा अहवाल खोटा येतो.