समाधानकर बहुमान

शनिवारी सकाळी भाचीचा फोन. आठवीत आहे, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत. "मावशी, आज दप्तर नाही न्यायचं. संभ्रम शनिवार आहे."

"कसला संभ्रम?"

"होय की, तसंच नाव आहे त्याचं."

दोन क्षण खरोखरच संभ्रमात गेले. मग उजेड पडला. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदीआनंद, सोहळा. महिन्यातला एक शनिवार पोरांनी दप्तराविना यावं, खेळावं, काहीतरी करून बघावं, म्हणून सरकारनं दिलेलं नाव. मराठी पालकांच्या ग्रुपवर ते वाचून पहिल्यांदा काय गोंधळ उडाला असेल, देव जाणे.

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही गंमत रोजची. दोघी भाषांनी संस्कृतच्या एकाच पेटीतनं लुगडी उचलली. एकीनं लग्नात नेसली, ती दुसरीनं बाजाराला. आणि ही अदलाबदल वर्गात फारशी कळत नाही, कारण तिथं मराठीचा तास वेगळा, कन्नडचा वेगळा, मधे घंटा. ती कळते मंडळांत, स्पर्धांत, स्टेजमागे.

आमच्या हायस्कुलात मंडळं भरपूर. जूनमध्ये शाळा भरली की पंधरा दिवसांत कागदावर सगळी तयार. विज्ञान मंडळ म्हणजे खायचा सोडा आणि लिंबू. वाङ्मय मंडळाचं भित्तीपत्रक काचेच्या कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क कायम 'आत्ताच बाहेर गेलेले'. त्यामुळं पावसाळा विशेषांक परीक्षेपर्यंत तसाच, कोपऱ्यात एक वाळलेली पाल. शालेय संसदही होती. मतदान, शपथविधी, सगळं साग्रसंगीत. मी आरोग्यमंत्री झाले. खात्याचा कारभार म्हणजे संडासात फिनेल पडलंय का ते बघणे. पंतप्रधान झालेला मुलगा घंटेच्या टोलाला हात लावू शकत असे, त्यामुळं त्याचा रुबाब काही वेगळाच.

पण खरा मोसम सुरू व्हायचा तो प्रतिभा कारंजीचा. राज्य सरकारची कलागुणांची स्पर्धा. आधी क्लस्टर, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, मग तालुका, जिल्हा, राज्य. कारंजी म्हणजे कारंजं, हे सरांनी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर निराशा पसरली. तिथं करंजी ऐकू आली होती. त्याच बाकावरच्या एकानं रसप्रश्ने या स्पर्धेत नाव दिलं होतं आणि कुठला रस मिळणार, हे तो मनापासून विचारत होता. रसप्रश्ने म्हणजे क्विझ. बिचारा पहिल्याच फेरीत बाहेर, रसाविना.

एक शब्द मात्र दोन्हीकडं एकाच अर्थाचा होता: तालीम. कन्नडमध्ये 'तालीमु'. त्या शब्दाची जादू काय सांगावी! गणिताचा तास चालू असताना दारात उभं राहून "सर, तालीम आहे" म्हटलं, की मराठी सर असोत वा कन्नड सर, हात आपोआप बाहेरच्या दिशेनं हलायचा. कव्वालीला लागायचे त्यापेक्षा पाच जण जास्तच आम्ही तालमीला जायचो. रुमालाच्या टोप्या, टाळ्यांचा कडकडाट, पेटीवर चित्रकलेचे सर. उर्दू शब्दांचे अर्थ त्यांनाही येत नव्हते, पण मान अशी डोलवायचे की शंका विचारायची छाती होऊ नये. माझं मत विचाराल तर शाळेतल्या स्पर्धांपेक्षा तालमी मोठ्या. स्पर्धा पाच मिनिटांत संपते, तालीम तीन आठवडे पुरते.

मातीकामात मात्र आमची शाळा खरी तयारीची. खानापूरची लाल माती कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली, आणि वर्गातली एक मैत्रीण कुंभाराघरची. स्पर्धेच्या दिवशी तिनं घरची मळलेली माती ओल्या फडक्यात, वर प्लास्टिकची पिशवी, अशी बसमधनं मांडीवर आणली. तान्हं मूल धरावं तशी. कंडक्टरनं विचारलं, "काय गे त्यात?" तर म्हणाली, "बैल." आणि दोन तासांत खरंच त्यातनं बैल निघाला. वशिंडावरनं तिनं ओला अंगठा असा काही फिरवला की आता हा मान झटकणार असं वाटलं. परीक्षक बाई वाकून बघत राहिल्या. पहिला नंबर. परतताना तिनं बैल मोडून माती पुन्हा फडक्यात बांधली. आम्ही ओरडलो. "मग काय? चांगली माती टाकून यायची?"

माझी गोष्ट इतकी देखणी नाही. एका सोसायटीनं तालुक्याला वचन-पाठांतराची स्पर्धा ठेवली होती. कन्नड सरांनी विचारलं, कोण जाणार? सगळ्यांनी एकदम वह्या उघडल्या. माझी वही सापडेना, म्हणून मी गेले. वचन म्हणजे कन्नड संतांची छोटी रचना; माझ्या वाट्याला बाराव्या शतकातल्या बसवण्णांचं आलं. चोरू नको, मारू नको, खोटं बोलू नको असं एकेक 'नको' सांगत जाणारं. कन्नड मला वाचता यायचं, पण अक्षर अक्षर जुळवून. पाठांतराला आपली लिपी बरी म्हणून सगळं देवनागरीत उतरवलं. घोटाळा तिथंच झाला. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ओ' आणि दीर्घ 'ओ' वेगळे, अक्षरंही वेगळी. देवनागरीत आपल्याकडं एकच काना-मात्रा. 'कोल' म्हणजे जिवे मारणं, पण 'को' ओढला की काठी डोकावते. मी आपली दर वेळी ठणठणीत काठी उगारत होते. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, 'को' म्हणताना घाई कर. बस सुटल्यासारखी."

आठवडाभर घाई केली. स्टेजवर गेल्यावर मात्र जीभ आपल्या माहेरी परतली. परीक्षक हसले, पण वाईट नाही हसले. 'ळ' मात्र माझा चोख, त्याचं कौतुक झालं. तो आम्हाला घरचाच.

बक्षीस जाहीर झालं: समाधानकर बहुमान. मला वाटलं, हा तर सगळ्यांत वरचा! बहुमान म्हणजे केवढी गोष्ट! कन्नडमध्ये बहुमान म्हणजे साधं बक्षीस, आणि समाधानकर बहुमान म्हणजे आपलं उत्तेजनार्थ, हे सरांनी बसस्टँडवर हळूच सांगितलं. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सत्कार उरकून घेतला होता. पुढं विचार करता दोन्ही शब्द मजेशीर वाटले. मराठी हरलेल्याला उत्तेजन देते, म्हणजे पुन्हा पळ म्हणते. कन्नड म्हणते, असू दे, बस जरा.

आई चौथी शिकलेली, तीही मराठी. प्रमाणपत्र उलटसुलट बघून म्हणाली, "ह्यात तुझं नाव कुठलं?" मी बोट ठेवलं. तिनं पदराच्या टोकानं नेमकी तेवढीच जागा पुसली आणि कागद देवघराच्या वर टाचला. वर्षभरात उदबत्तीच्या धुरानं तो पिवळा झाला.

संध्याकाळी भाचीला फोन केला. कसा झाला संभ्रम? रांगोळी काढली, खो-खो खेळलो, आणि एका पाठांतर स्पर्धेत नाव घातलंय म्हणाली. कन्नडच्या. बाकी कुणी तयारच होईना.

"लिहून घेतलंस?"

"होय की. मराठीत."

"वाच बघू."

वाचायला लागली. दुसऱ्याच शब्दाला काठी निघाली.

"थांब," म्हटलं, "'को' म्हणताना जरा घाई कर."