मुंबईत जन्मलात, पण दाखला कुठला?

धारावीत वाढलेलं पोर स्वतःला मुंबईकरच म्हणतं. बारावीनंतर मात्र जातीच्या दाखल्याचा कागद आजोबांचं गाव विचारतो. राज्याच्या आरक्षणासाठी कुटुंब ठरावीक तारखेला महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. वडील १९८५ला उत्तर प्रदेशातून आले असतील, तर विषय तिथेच संपतो. मुंबईतल्याच एका वैद्यकीय प्रवेशावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये स्थलांतरितांचा दावा फेटाळला. कठोर वाटतं खरं.

तरी वडिलांचा मूळ राज्यातला दाखला जपा. त्यावरून इथे स्थलांतरिताचा दाखला निघतो, केंद्राच्या जागांना तो चालतो. अडतं भलतीकडेच, दोन कागदांवर जातीचं नाव जुळत नाही: वडिलांच्या कागदावर 'जाटव', मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात 'चांभार'. ही दुरुस्ती दहावीआधीच करून घ्या. शाळा सुटल्यावर खेटेच.