आधी आक्षेप, मग भाषण

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी शालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. वेळ सात अधिक एक मिनिटे, म्हणजे सातव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा आणि आठव्याला शेवटची. चौदा स्पर्धक बोलले. त्यांपैकी बहुतेकांनी "आदरणीय व्यासपीठ, पूजनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" येथून सुरुवात केली, वाटेत एक सुभाषित आणि एक शेर घेतला, ठरलेल्या वाक्याला हात छातीशी आणि ठरलेल्या वाक्याला आकाशाकडे नेला आणि घंटेच्या आत भाषण संपवले. पाठांतर चोख होते, आवाज खणखणीत होते. तरीही गुणपत्रिकेतील "विषय पटवून देणे" या रकान्यावर माझे पेन दर वेळी अडत होते, कारण ज्याला पटवायचे तो माणूसच या भाषणांत कोठे नव्हता. मोबाइल हा शाप आहे असे तळमळीने सांगणाऱ्या मुलीने, मोबाइलवाचून ज्याचा एक दिवस निघत नाही असा कोणी समोर बसला असेल आणि तो मनात काहीतरी म्हणत असेल, याचा विचारच केलेला नव्हता.

भाषण आवडणे आणि भाषण पटणे या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत होते. आवडलेल्या भाषणाला टाळ्या पडतात आणि ऐकणारा जसा आला तसाच घरी जातो. पटलेल्या भाषणाला टाळ्या पडतीलच असे नाही, कारण ऐकणारा त्या वेळी आपल्या मनातल्या एखाद्या हरकतीशी झगडत असतो. मन वळवायचे असेल त्या भाषणाची तयारी आपल्या मुद्द्यांपासून सुरू न करता समोरच्याच्या हरकतींपासून सुरू करावी, या मतापर्यंत मी जरा उशिराच आलो, आणि तेही एकदा चांगले तोंडावर आपटल्यानंतर.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडला होता. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून बोअरवेलमध्ये सोडावे, म्हणजे उन्हाळ्यातले टँकर कमी होतील, इतकी साधी ती गोष्ट. मी आठवडाभर वाचन केले, तक्ते काढले आणि पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांसमोर उभा राहून भूजलाची घसरण, खडकाचे थर आणि आपली सामाजिक जबाबदारी यांवर वीस मिनिटे बोललो. मी बसताच तिसऱ्या मजल्यावरचे काका उठून म्हणाले, "हे सगळं खरं, पण खालची टाकी दोन वर्षं गळतेय, तिचं काय?" सभा हसली. मग कोणी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची काळजी बोलून दाखवली, कोणी पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि चहा येण्याच्या आत ठराव गुंडाळला गेला. पुढे कित्येक दिवस लोकांना दूरदृष्टी नाही असे म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो. पण मी ज्या श्रोत्यांसाठी बोललो ते माझ्या डोक्यात बसलेले होते, आणि पार्किंगमध्ये बसलेली माणसे वेगळी होती, हे काही केल्या नाकारता येईना.

त्याच सुमारास, दुसऱ्याच कामासाठी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण मी पहिल्यांदा सलग वाचले. इंग्रजीत दिलेल्या या भाषणातील दोन-चार वाक्ये आपल्याकडे दर वर्षी भित्तिपत्रकांवर झळकतात. त्यांतले परस्परविरोधांच्या जीवनात प्रवेश करण्याविषयीचे वाक्य मलाही पाठ होते, पण ते भाषणाच्या कोणत्या टप्प्यावर येते याचा मी कधी विचार केला नव्हता. ते फार उशिरा येते, आणि त्याच्या आधी बराच वेळ बाबासाहेब केवळ आक्षेपांना उत्तरे देत आहेत.

सुरुवात एका कोरड्या आकड्याने आहे. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली, त्याला आता २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस होत आहेत. या आकड्याला त्या दिवशी धार होती, कारण सभेने फार वेळ घालवला आणि जनतेचा पैसा उधळला अशी टीका बाहेर चालली होती. आपल्यातला कोणी असता तर त्याने प्रस्तावनेत संविधानाची थोरवी गायली असती आणि टीका कोणी काढलीच तर तिचे उत्तर शेवटी घाईघाईने दिले असते. बाबासाहेबांनी ती टीका स्वतःच पुढे आणली आणि तिच्यासमोर इतर देशांची मापे ठेवली. अमेरिकेला चार महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला २ वर्षे ५ महिने आणि ऑस्ट्रेलियाला ९ वर्षे. त्यानंतर जे वाक्य येते त्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यापेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला, हे खरे आहे, असे ते सरळ कबूल करतात. कबुली देऊन झाल्यावरच ते पुढची मापे काढतात. त्या देशांच्या संविधानांत अनुक्रमे ७, १५३, १४७ आणि १२८ कलमे होती, आपल्यात ३९५ होती, आणि त्यांच्यापुढे दुरुस्त्यांचा डोंगर नव्हता, तर आपल्या सभेला २,४७३ दुरुस्त्या हाताळाव्या लागल्या.

वक्तृत्वाच्या वर्गात भाषणात आकडेवारी द्यावी एवढेच शिकवतात, म्हणून मुले कोठून तरी टक्केवारी उचलतात आणि ती ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जाते. येथे एकही आकडा सुटा पडलेला नाही. प्रत्येक आकडा कोणाच्या तरी तक्रारीला उत्तर आहे आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचे माप घ्यायला दुसरा आकडा उभा आहे.

त्यानंतर येतो नझीरुद्दीन अहमद यांचा टोमणा. या सदस्यांनी 'ड्राफ्टिंग कमिटी'चे 'ड्रिफ्टिंग कमिटी' असे बारसे केले होते, म्हणजे मसुदा करणारी नव्हे तर प्रवाहाबरोबर वाहवत जाणारी समिती. असल्या टोमण्यावर रागावता येते किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करता येते. बाबासाहेबांनी तो शब्दच उचलला आणि उलटवला. वाहण्यावर ताबा असेल तर त्यात गैर काय, हे काही मासा मिळण्याची आशा नसताना गळ टाकून बसणे नव्हते, जो मासा हवा होता त्याच्या शोधात समिती ओळखीच्या पाण्यात फिरत होती, आणि अधिक चांगल्याचा शोध घेणे म्हणजे वाहवत जाणे नव्हे, असा त्या उत्तराचा आशय आहे. सभा हसली असेल असे मला वाचताना वाटत राहते. मात्र या कोटीच्या मुळाशी नीट आखलेला युक्तिवाद आहे. समितीने आपलेच मसुदे पुन्हा पुन्हा बदलले, हा त्या टोमण्यामागचा खरा आरोप होता, आणि मासा शोधण्याच्या प्रतिमेने बदल करणे हेच कामाचे लक्षण ठरवून टाकले.

विरोधकांविषयीचा भाग तर मी मुलांना वाचूनच दाखवतो. सगळ्या सदस्यांनी पक्षशिस्त पाळून माना डोलावल्या असत्या तर सभेचे काम फार नीरस झाले असते, असे म्हणून ते बंडखोरांची नावे घेतात. त्यांत ह. वि. कामथ आहेत आणि विदर्भाचे पंजाबराव देशमुखही आहेत. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्या सूचनांचे मोल कमी होत नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. मसुद्याचे श्रेयही ते एकट्याकडे ठेवत नाहीत, त्यातला वाटा संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्याकडे नावानिशी पोहोचवतात. ज्या वक्त्याला उरलेल्या वेळात कटू बोलायचे आहे, त्याने अगोदर सभेत आपली पत अशी जमा करून ठेवली. वक्त्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि युक्तिवाद ही पटवण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने सांगितली, हे पाठ करायला सोपे आहे. त्यातले पहिले साधन भाषण चालू असतानाच कसे कमवावे, हे येथे दिसते.

मगच कटू बोलणे येते. स्वातंत्र्य टिकेल का, या प्रश्नापाशी ते सिंधच्या दाहीर राजाच्या लाच खाणाऱ्या सेनापतींचे आणि शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने लढणाऱ्या मराठा सरदारांचे स्मरण करून देतात. मग तीन इशारे येतात. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी संविधानाचेच मार्ग धरावेत, कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये, आणि राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता सामाजिक लोकशाही आणावी. त्या तिसऱ्या इशाऱ्याच्या पोटात २६ जानेवारी १९५० रोजी आपण परस्परविरोधांच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, हे वाक्य येते. हेच जर पहिल्या पाच मिनिटांत आले असते, तर वेळ वाया गेल्याची तक्रार मनात धरून बसलेल्या श्रोत्याने ते एका कानाने ऐकले असते. तोपर्यंत त्याच्या सगळ्या तक्रारींची दखल घेऊन झाली होती, त्यामुळे त्याच्याकडे ऐकण्यावाचून दुसरे काम उरले नव्हते.

या रीतीला आपल्याकडे जुने नाव आहे. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या, अधिकरणात (एकेका प्रश्नाच्या चर्चेत) आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतरच सिद्धान्त येतो. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि ते त्याने स्वतः मांडले असते त्याच ताकदीने मांडायचे असते. आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धांत मात्र "माझे विरोधक म्हणतील की" असे म्हणून जे उभे केले जाते ते शेतातले बुजगावणे असते, आणि त्याला पाडल्याचा आनंद फक्त पाडणाऱ्याला होतो.

पुढच्या वर्षीच्या सभेची तयारी मी मेंटेनन्सच्या जुन्या पावतीच्या पाठीमागे केली. मधोमध रेघ ओढली, डावीकडे हरकती आणि उजवीकडे उत्तरे. हरकती मनाने लिहिल्या नाहीत, जिन्यात आणि लिफ्टपाशी लोकांना विचारून लिहिल्या. "टाकी गळते", "गच्चीला भोकं पाडाल", "आम्ही दोन वर्षांत घर विकणार, आम्ही का पैसे भरायचे?" यांतल्या तिसऱ्या हरकतीला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते आणि उजवीकडची ती जागा मी रिकामीच ठेवली. सभेत उभा राहिलो आणि पहिलेच वाक्य म्हणालो, "टाकी गळते, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय या कामावर एक रुपयाही खर्च करू नये असं माझंही मत आहे." काकांनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. गच्चीला भोक पाडावे लागत नाही, पावसाचे पाणी उतरवणारे पाइप आहेत त्यांनाच खाली गाळणी जोडायची असते, हे मी एका पाइपकडे बोट दाखवून सांगितले. घर विकणाऱ्यांना, तुमचा तोटा होईल हे मला मान्य आहे, एवढेच म्हणालो. सहा मिनिटांत बसलो. ठराव ब विंगच्या एका गच्चीपुरता आणि टाकीच्या दुरुस्तीनंतर, असा कापून-छाटून मंजूर झाला. त्याला अनुमोदन तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दिले.

बाकीच्या तयारीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. भाषण लिहिताना ओठ हलले पाहिजेत, कारण डोळ्यांना सोपे वाटणारे वाक्य पुष्कळदा जिभेला अडते. संथ बोललो तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, तेव्हा सात मिनिटांसाठी आठशे शब्दांच्या वर लिहिणे म्हणजे घंटेला आमंत्रण. पहिले आणि शेवटचे वाक्य तोंडपाठ असावे, मधल्या भागासाठी चिठ्ठीवर चार शब्द पुरतात. गोष्ट कोठे घालावी याचा उत्तम धडा नारदीय कीर्तनात आहे. बुवा पूर्वरंगात पद घेऊन निरूपण करतात आणि मांडलेले तत्त्व पक्के झाले की उत्तररंगात आख्यान लावतात. आपण बहुधा उलटे करतो, गोष्ट आधी सांगून बसतो आणि मग तिला मुद्दा चिकटवतो.

त्या स्पर्धेचा निकाल लागल्यावर मोबाइलला शाप म्हणणारी मुलगी माझ्याकडे आली. तिला काहीच मिळाले नव्हते, उत्तेजनार्थही नाही. "सर, माझं काय चुकलं?" असे तिने विचारले, आणि मी तिला वडील काय करतात ते विचारले. वडिलांचे किराणा दुकान होते. "हे भाषण तू त्यांच्यासमोर केलंस तर ते काय म्हणतील?" ती क्षणभरही थांबली नाही. "म्हणतील, मग गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घेऊ? सगळे स्कॅनच करतात." मी म्हणालो, "मग याच वाक्यापासून भाषण सुरू कर." तिने हातातल्या चार कागदांकडे पाहिले, ते पुन्हा नीट घडी केले आणि म्हणाली, "पण सर, हे बाईंनी लिहून दिलंय."